आधी शेजाऱ्यांची थकबाकी बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अमेरिकेतल्या त्या वस्तीत कॉन्डोचे, म्हणजे मालकीच्या फ्लॅटचे, भाव उतरलेत, तळमजल्यावरची निम्मी दुकानं बंद आहेत, बसच्या फेऱ्या घटल्यात, आणि एजंट म्हणतोय की घ्यायची वेळ हीच. तो खोटं बोलत असेलच असं नाही. पण सुरुवात किमतीपासून करू नकोस, ती सगळ्यात शेवटी बघायची. कॉन्डो घेताना चार भिंतींबरोबर इमारतीतल्या बाकी सगळ्या मालकांच्या ऐपतीतली भागीदारीही गळ्यात पडते, आणि मंदीत आधी तीच उसवते.

हिशेब करून बघ. इमारतीत १०० युनिटं आहेत आणि मेंटेनन्स, म्हणजे तिकडची एचओए फी, सगळ्यांना सारखीच महिना ५०० डॉलर आहे असं धर. प्रत्यक्षात ती बहुधा प्रत्येकाच्या ठरलेल्या हिश्शाप्रमाणे असते, पण समजायला हे सोपं. महिन्याला ५०,००० जमतात. वीस जणांनी भरणं थांबवलं की ४०,०००. खर्च मात्र तेवढाच राहतो. विम्याचा हप्ता, लिफ्टचा करार, पाणी, कचरा, यातलं काहीच वीस टक्क्यांनी कमी होत नाही. उरलेल्या ८० जणांवर ६२५ डॉलर येतात. त्यांच्यातलेही काही काठावरच असतात, ते गळतात. हे टाळायला मालकांच्या असोसिएशनचं बोर्ड फी वाढवत नाही आणि रिझर्व्ह फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या पैशांत, हात घालतं. बाहेरून काही कळत नाही. लॉबी चकचकीत असते आणि छताच्या दुरुस्तीचे पैसे खर्च झालेले असतात.

ज्याने मेंटेनन्स थकवलाय त्याने बहुतेक वेळा बँकेचा हप्ताही थकवलेला असतो. बँक घर जप्त करेल आणि असोसिएशनचे पैसे मिळतील, असं लोकांना वाटतं. तसं पूर्ण होत नाही. नेवाडात असोसिएशनच्या साधारण नऊ महिन्यांच्या फीला गृहकर्जाच्याही आधी हक्क मिळतो. फ्लोरिडात जप्ती करणाऱ्या पहिल्या कर्जदात्या बँकेवर १२ महिन्यांची थकबाकी किंवा मूळ कर्जाचा १ टक्का, यातलं जे कमी तेवढंच बंधन असतं. जप्ती दोन वर्षं रेंगाळली तर या मर्यादेवरची थकबाकी सहसा शेजाऱ्यांच्याच खिशातून जाते. त्याच फ्लोरिडात साध्या पुनर्विक्रीत आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकावरही येते. म्हणून असोसिएशनकडून त्या युनिटची किती बाकी आहे याचा लेखी दाखला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. राज्य बदललं की नियम बदलतो, तेव्हा स्थानिक वकिलाची फी वाचवू नकोस.

आता एक आकडा पाठ कर: १५ टक्के. फॅनी मे ही बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी मोठी संस्था. तिच्या नियमांप्रमाणे, १५ टक्क्यांहून जास्त युनिटांची फी ६० दिवस किंवा अधिक थकली असेल तर त्या इमारतीतली कर्जं ती विकत घेत नाही. मग बँका मागे सरतात आणि उरतात रोख पैसेवाले किंवा महागडं कर्ज काढणारे. गिऱ्हाईक कमी झालं की भाव आणखी उतरतो, आणि नियमित हप्ते भरणाऱ्यालाही आपलं कर्ज स्वस्त व्याजाच्या कर्जात बदलून घेता येत नाही. तेरा टक्क्यांची इमारत आणि सतरा टक्क्यांची इमारत शेजारी उभ्या असतील तर दिसायला सारख्याच, पण सतरावालीतून बाहेर पडणं फार कठीण. बजेटमधला किमान १० टक्के हिस्सा रिझर्व्हकडे जावा, अशी फॅनी मेची अटही बरीच वर्षं राहिली, आजचा आकडा तेवढा तपासून घे. ती गाठली म्हणजे रिझर्व्ह पुरेसा झाला असं मात्र धरू नकोस.

रिझर्व्ह स्टडी मागव. त्यात छत, लिफ्ट, पाइप, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, प्रत्येकाचं उरलेलं आयुष्य आणि खर्च लिहिलेला असतो. आज जेवढा निधी असायला हवा त्याच्या किती टक्के आहे, तेही असतं. सत्तरच्या वर ठीक, तीसच्या खाली म्हणजे स्पेशल असेसमेंट, म्हणजे फीशिवायची जादा वर्गणी, दाराशी आहे. बारा लाख डॉलरचं काम आणि १०० युनिटं, म्हणजे घरटी १२,०००, तेही मंदीत. असं काम लांबवण्याचा मोह किती भयंकर ठरू शकतो हे फ्लोरिडातल्या सर्फसाइडने दाखवलं. २४ जून २०२१ रोजी तिथली बारा मजली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ कोसळली आणि ९८ माणसं गेली. दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीची वर्गणी तेव्हा मंजूर झालेली होती, पण काम मागे पडलेलं होतं. पुढे फ्लोरिडाने कायदा बदलला, आणि तीन मजले वा त्याहून उंच कॉन्डो इमारतींना मुख्य बांधकामाचा रिझर्व्ह मतदानाने टाळण्याची सोय २०२४ अखेर संपली. हे सगळं योग्यच झालं, पण ज्या इमारतींनी वर्षानुवर्षं काही साठवलं नव्हतं तिथे फी एकदम उसळली.

बोर्डाच्या सभांची गेल्या तीन वर्षांची मिनिट्स स्वतः वाच. एजंटने सांगितलेला सारांश चालणार नाही. ‘पुढच्या बजेटमध्ये घेऊ’ हे वाक्य एकाच कामाबद्दल तीनदा आलं तर तिथे खूण कर. गळती, इंजिनिअर, वकील, विमा नूतनीकरण, हे शब्द शोध. असोसिएशन आणि बिल्डर यांच्यात बांधकामातल्या दोषांवरून दावा चालू असेल तर तो न्याय्य असला तरी कर्ज अडू शकतं. स्वतःच्या एचओ-६, म्हणजे कॉन्डोमालकाच्या, विम्यात स्पेशल असेसमेंटसाठीचं कवच बहुधा अवघं १,००० डॉलर असतं, ते वाढवून घेणं फार महाग नसतं. मात्र ते विम्यात बसणाऱ्या अपघाती नुकसानीपुरतं असतं, छत जुनं झालं म्हणून आलेली वर्गणी त्यातून मिळत नाही.

न विकलेली युनिटं किती, ती बिल्डरकडेच आहेत का, आणि त्यांची फी तो भरतो का, हेही विचार. मंदीत बिल्डर पन्नास रिकामी युनिटं असताना यादीत पाचच दाखवतो. आठवड्याच्या मधल्या दोन वेगवेगळ्या रात्री नऊला समोरच्या फुटपाथवर उभं राहून उजेड असलेल्या खिडक्या मोज. अंदाज कच्चाच असतो, पण जाहिरातीपेक्षा बरा. बिल्डरने उरलेली युनिटं एकदम लिलावात काढली तर पुढचा मूल्यांकन करणारा तेच भाव समोर ठेवतो आणि तुझ्या घराची किंमत एका दुपारीत बदलते.

दुकानांबद्दल एक गैरसमज काढून टाक. ‘मालक भाडं का उतरवत नाही, रिकामं ठेवण्यापेक्षा बरं ना?’ असं सगळे विचारतात. व्यावसायिक जागेची किंमत भाड्यावरून ठरते. दोन हजार चौरस फुटांच्या गाळ्याचं भाडं फुटामागे वर्षाला १० डॉलरने उतरवलं तर उत्पन्न २०,००० ने घटतं, आणि ६ टक्के परतावा धरून कागदावरची किंमत सव्वातीन लाखांहून जास्त खाली येते. कर्ज देणाऱ्या बँकेच्या अटी मोडतात. म्हणून मालक लेखी भाडं तेच ठेवून सहा महिने माफ करतो, किंवा गाळा रिकामा ठेवतो. बंद शटरांच्या संख्येपेक्षा कोणती दुकानं बंद झाली ते जास्त बोलतं. बुटीक गेलं तर चालेल. औषधाचं दुकान, लाँड्री, किराणा गेला तर रहिवासीच हलू लागलेत असं समज. गाळे त्याच कॉन्डोचा भाग असतील तर त्यांचीही फी थकलेली आहे का ते बघ.

आणि बस. तिचं गणित निर्दय असतं. एका मार्गाची फेरी ६० मिनिटांची असेल तर दर १० मिनिटांना बस हवी म्हणून ६ गाड्या लागतात. दोन काढल्या की १५ मिनिटं, आणखी एक काढली की २०. तोपर्यंत वेळापत्रक न बघता थांब्यावर जाणारा माणूस घड्याळ बघू लागतो, आणि मोटार असलेला मोटार काढतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी बससेवा विक्रीकरावर चालते, म्हणजे दुकानं बसली की फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी झाल्या की उरलेल्या दुकानांची वर्दळ जाते. अटलांटाजवळच्या क्लेटन काउंटीत सी-ट्रान ही बससेवा ३१ मार्च २०१० रोजी पूर्ण बंद पडली. नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनी विक्रीकर मंजूर केला तेव्हा कुठे २०१५ मध्ये अटलांटाच्या मार्टा या परिवहन संस्थेच्या बस आल्या. मधली पाच वर्षं गाडी नसलेल्यांनी कशी काढली असतील! म्हणून आजचं वेळापत्रक बघून थांबू नकोस. परिवहन संस्थेच्या बजेटमध्ये तूट किती, पुढच्या फेरबदलात तो मार्ग आहे का, आणि रात्री दहानंतरच्या व रविवारच्या फेऱ्या, हे बघ. कात्री आधी तिथे लागते.

किमतीचं थोडक्यात. विक्रीला असलेली युनिटं भागिले महिन्याला विकली जाणारी. पंचेचाळीस असतील आणि तीन विकली जात असतील तर पंधरा महिन्यांचा साठा आहे. सहाच्या आसपास बाजार समतोल मानतात. घसरण लांबते हेही लक्षात घे: घरांच्या किमतींचा केस-शिलर राष्ट्रीय निर्देशांक २००६ च्या शिखरावरून २०१२ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे २७ टक्के उतरला होता, म्हणजे तळ यायला जवळपास सहा वर्षं लागली. घाई करण्याचं कारण विकणाऱ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही. सात-आठ वर्षं तिथेच राहायचा विचार नसेल तर भाड्यानेच राहा. त्याच इमारतीत भाड्याने मिळालं तर उत्तम, वर्षभरात लिफ्ट किती वेळा बंद पडते ते कळेल.

ऑफर देण्याआधी थकबाकीचा तक्ता, रिझर्व्ह स्टडी, चालू बजेट आणि मिनिट्स एवढं लेखी माग. पुनर्विक्रीची कागदपत्रं मिळाल्यावर करार रद्द करायची मुदत बऱ्याच राज्यांत मोजक्या दिवसांचीच असते, त्यामुळे ती हातात येतील तो आठवडा मोकळा ठेव. थकबाकीचा आकडा कळला की मला लगेच कळव, बाकीचं त्यावरून बोलू.

तुझ्या काळजीत असलेले,
काका