ई-बाईकचं पासिंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी बारावीत आहे, क्लाससाठी रोज देवगडातून जामसंड्याला जाते, तिच्यासाठी इलेक्ट्रिक स्कूटर बघतोय. दुकानदार म्हणतो पासिंग नको, लायसन नको, इन्शुरन्स पण नको, आणि वर म्हणतो हवं तर एक वायर काढून स्पीड वाढवून देतो. घेऊ का?
– एक वाचक, देवगड

उत्तर: घ्या, पण ती वायर काढू देऊ नका दादा. पासिंग, लायसन, इन्शुरन्स नको हे खरं आहे पण सगळ्याच गाड्यांना नाही. मोटरची पॉवर २५० वॉटपेक्षा कमी, टॉप स्पीड ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, हे सगळं एकत्र बसलं तरच कायद्यानं ती मोटार वाहन धरत नाहीत. आणि हे दुकानदाराच्या शब्दावर नाही ठरत, त्या मॉडेलचं टाइप अप्रूव्हल सर्टिफिकेट, म्हणजे मॉडेल तपासून मंजूर केल्याचा दाखला लागतो, एआरएआय किंवा आयकॅटसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा. त्याची झेरॉक्स मागा, त्यावरचं मॉडेलचं नाव आणि गाडीच्या फ्रेमवरच्या प्लेटवरचं नाव जुळतंय का ते तिथेच उभं राहून बघा. टाळाटाळ केली तर सरळ दुसरं दुकान.

आता वायरीचं. स्पीड वाढली की सूट गेली, गाडी विनापासिंगची झाली. त्याला कायद्यात पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि मुलगी अठराच्या आत असेल, लायसन नसेल, तर पालकांवर २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पण मला दंडापेक्षा जास्त काळजी वेगळीच वाटते, उतारावर कोणाला धडक बसली तर इन्शुरन्स नाही म्हणजे समोरच्याची भरपाई तुमच्या खिशातून, त्यात घर आणि कलमांची बाग पण जाऊ शकते. खूप लोक याचा विचारच करत नाहीत. जास्त स्पीड हवीच असेल तर रीतसर पासिंगची गाडी घ्या आणि मुलीचं लायसन होईपर्यंत थांबा. आरसीची, म्हणजे नोंदणीच्या दाखल्याची फी इलेक्ट्रिक गाड्यांना केंद्राने २०२१ मध्येच माफ केलीय, बिलात ती लावली असेल तर कशाची ते विचारा. आणि हेल्मेट, कुठलीही गाडी असो, घालायलाच लावा.

प्रश्न: तारकर्लीत आमचा होमस्टे आहे. दोन इलेक्ट्रिक बाईक घेतल्यात, हिरवी प्लेट पांढरे नंबर. पाहुण्यांना भाड्याने दिल्या तर चालेल का? आणि नंबर मराठीत लिहून घेऊ का, छान दिसेल.
– एक वाचक, मालवण

उत्तर: हिरव्यावर पांढरे म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने नाही देता येत. इलेक्ट्रिक गाड्यांच्या प्लेटचा हा नियम २०१८ चा, धंद्याच्या गाडीला हिरव्यावरच पिवळे नंबर. त्यामुळे आधी ओरोसला आरटीओत जाऊन मोटरसायकल भाड्याने द्यायच्या परवान्याची चौकशी करा, मग गाडी त्या वर्गात बदलून घ्या. "पाहुणेच आहेत, पैसे कॅशमध्ये घेतो" असं करू नका, अपघात झाला की भाड्याने दिली होती म्हणून इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते.

मराठी नंबरचं मलाही आवडलं असतं, पण प्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच चालतात. तुमची प्लेट डीलरने बसवलेली एचएसआरपी, म्हणजे सरकारी नियमाची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट असणार, वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम आणि खाली बारीक लेझर नंबर दिसेल. ती काढून पेंटरकडून दुसरी करून घेऊ नका, तशी प्लेट चालत नाही. मराठीत लिहायची हौस होमस्टेच्या पाटीवर करा.