‘मरावेसे वाटते का?’ हे विचारायला कचरू नका

मस्कतहून एका आईने लिहिलेल्या पत्राचा मजकूर, ओळखीच्या खुणा पुसून, थोडक्यात असा आहे. मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कर्वेनगरमध्ये दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. वर्गातल्याच एका मुलाशी असलेले तिचे नाते दिवाळीनंतर तुटले. तेव्हापासून ती फोनवर तुटक बोलते, मेसचा डबा बऱ्याचदा न उघडताच परत जातो असे मैत्रिणींकडून कळले, आणि गेल्या आठवड्यात तिने धाकट्या भावाला लिहिले, ‘माझी गिटार आता तुझी. मी नसले की सगळ्यांनाच बरे पडेल.’ वडिलांचे म्हणणे असे की विषय काढला तर नसता विचार तिच्या डोक्यात शिरेल. आईला वाटते की कोथरूडला राहणाऱ्या आत्याला, मुलीला न कळवता, सहज आल्यासारखे तिच्याकडे पाठवावे.

ताई, हे पत्र वाचून पहिली गोष्ट सांगायची ती ही की आजच फोन करा आणि थेट विचारा. आवडती वस्तू देऊन टाकणे, आपण इतरांना ओझे झालो आहोत असे बोलणे, खाणे-झोपणे बिघडणे, ही लक्षणे एकत्र दिसतात तेव्हा ‘वय आहे, होईल ठीक’ म्हणून थांबता येत नाही. तुमच्या यजमानांची भीती मी समजू शकतो, कारण ती घरोघरी असते. परंतु आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो, असे या प्रश्नावर झालेल्या अभ्यासांतून दिसलेले नाही; उलट ज्याच्या मनात तो आधीपासून घोळत असतो त्याला तो कुणाजवळ तरी उच्चारता आल्याने हलके वाटते.

मात्र कसे विचारता याला फार महत्त्व आहे. आपल्या घरांत हा प्रश्न बहुधा ‘तू काही वेडेवाकडे तर करणार नाहीस ना?’ अशा रूपात येतो, आणि त्याचे उत्तर प्रश्नातच भरून ठेवलेले असते. मुलीला एवढेच कळते की आईला ‘नाही’ ऐकायचे आहे, आणि ती तेवढे म्हणून फोन ठेवते. त्याऐवजी साध्या शब्दांत म्हणावे, ‘तू भावाला जे लिहिलेस ते मी वाचले. मी रागावलेले नाही. तुला मरावेसे वाटते का? स्वतःला काही करून घेण्याचा विचार येतो का?’ एवढे विचारून गप्प राहावे. ती रडेल, चिडेल किंवा बराच वेळ काहीच बोलणार नाही. त्या शांततेत उपदेश भरू नये.

ती ‘हो’ म्हणाली तर पुढचे प्रश्नही टाळू नका: कधीपासून, किती वेळा, कसे करायचे हे ठरवले आहे का, त्यासाठी काही जवळ आणून ठेवले आहे का, आत्ता खोलीत कोण आहे. काय करायचे, कधी करायचे हे ठरलेले असेल, तर फोन न ठेवता यजमानांच्या फोनवरून आत्याला आणि फ्लॅटमधल्या मैत्रिणीला कळवा. त्यानंतर तिच्याजवळ अखंड कुणीतरी प्रत्यक्ष असले पाहिजे, आणि घरातला गोळ्यांचा साठा किंवा तिने स्वतः बोलून दाखवलेले दुसरे जे काही असेल ते तिच्या हातापासून दूर गेले पाहिजे. असे विचार लाटेसारखे चढतात आणि ओसरतात; चढती वेळ साधनाविना आणि सोबतीत निघून गेली तर धोका पुष्कळ कमी होतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतूनही तिथे बोलता येते. हा छोटा क्रमांक मात्र भारतातून लावायचा असतो, त्यामुळे तो तुमच्या फोनमध्ये असून उपयोग नाही, मैत्रिणीच्या आणि आत्याच्या फोनमध्ये असला पाहिजे. तातडीच्या प्रसंगी ११२ लावावा, किंवा ससूनमध्ये अथवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीमध्ये तिला सरळ घेऊन जावे. ‘सकाळी बघू’ हा पर्याय त्या रात्री नसतो.

आता आत्याविषयी. त्यांना पाठवायला हरकत नाही, परंतु ‘सहज आले’ हे नाटक करू नये. एकविशीच्या मुलीला ते दारातच कळते आणि आपल्यावर पाळत बसली असे वाटून ती उरलेलेही बोलणे बंद करते. तिलाच विचारा, ‘तुझ्याजवळ कोण आलेले तुला चालेल?’ कदाचित ती आत्याऐवजी मावसबहिणीचे किंवा एखाद्या मॅडमचे नाव घेईल. ते मान्य करा. धोका तातडीचा असेल तर तिच्या होकाराची वाट पाहायची नाही, पण तेव्हाही ‘आत्या अर्ध्या तासात पोचते आहे, मीच पाठवले आहे’ असे तिला आधी सांगायचे. जो कोणी जाईल त्याने रात्री मुक्काम करावा, सोबत बसून जेवावे, आणि त्या मुलाचा विषय ती काढेल तेव्हाच बोलावे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर यातले अक्षरही जाता कामा नये, हे आत्यांना स्पष्ट बजावून सांगा. आपल्याकडे काळजी आणि बातमी यांच्यातले अंतर फार थोडे असते.

पत्रात तुम्ही एका ठिकाणी लिहिले आहे की ‘एवढ्याशा प्रेमप्रकरणावरून’ तिने इतके मनाला लावून घ्यावे याचे आश्चर्य वाटते. येथे थोडे थांबायला हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. त्याच अहवालात सर्व वयोगट मिळून कौटुंबिक समस्या हे कारण ३१.७ टक्के, प्रेमसंबंध ४.५ टक्के आणि परीक्षेतले अपयश १.२ टक्के असे नोंदले आहे. पोलिसांच्या रकान्यात एकच कारण मावते, म्हणून या टक्केवारीवर फार मोठा डोलारा उभारू नये. पण घरात जे बोलता येत नाही त्याचा भार केवढा असतो, याची कल्पना या आकड्यांवरून यावी. नाते तुटणे हे बहुतेक वेळा शेवटचे निमित्त असते. त्याच्यामागे आधीचे नैराश्य, अपुरी झोप, राहिलेले विषय, पैशाची ओढाताण आणि घरी सांगायची चोरी असे बरेच काही साठलेले असते.

तुमच्या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेर वाढून पुण्यात शिकायला आलेल्या मुलांमध्ये वारंवार दिसते. शनिवारी दुपारी तिच्या वर्गातली मुले साताऱ्याची, नगरची, नाशिकची एसटी पकडतात आणि सोमवारी घरचे लाडू घेऊन परततात. तिला जायला घर नसते. त्या मुलाबरोबरच तिचे पुण्यातले रविवार होते, त्याच्या घरची दिवाळी कदाचित तिचीही झाली असेल, आणि दोघांचे मित्र एकच असल्याने नाते तुटताना तो कट्टाही तिच्या हातून गेला. म्हणजे तिने एक मुलगा गमावला नाही, पुण्यातले सगळे गणगोत गमावले. रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या बहुतेक मेस बंद असतात. त्या वेळी ती खोलीत एकटी असते, आणि ओमानमध्ये रविवार हा कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस असल्याने तुम्ही नेमके तेव्हा कामात असता. तुमचा निवांत फोन शुक्रवारी होतो, जेव्हा तिचे कॉलेज चालू असते. तुमचे घड्याळ तिच्यापेक्षा दीड तास मागे आहे, इतके सोपे अंतर अमेरिकेतल्या पालकांच्या वाट्याला येत नाही. रविवारी पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तुमच्याकडे सात वाजलेले असतात. त्या वेळी दोघांनी जेवण समोर घेऊन व्हिडिओ कॉल लावावा आणि अभ्यासाचा विषय तीन-चार आठवडे काढू नये.

‘तो आपल्यातला नव्हताच, सुटलीस’ हे वाक्य ओठांवर आले तरी गिळा. त्या मुलाला किंवा त्याच्या आईवडिलांना फोन करू नका. फक्त एक शंका तिच्याकडून निवारून घ्या: फोटो किंवा संदेश पसरवण्याची धमकी कोणी देत आहे का? तसे असेल तर हे प्रकरण दुःखाचे नसून गुन्ह्याचे आहे, सायबर पोलिसांकडे तक्रार करता येते, आणि ‘यात तुझी चूक नाही’ हे तिला तुमच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे.

उपचारांबाबत दोन-तीन गोष्टी पालकांना ठाऊक नसतात. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्यास सांगितले आहे. तेव्हा कॉलेजात अशी व्यक्ती कोण आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. समुपदेशनाबरोबर मनोविकारतज्ज्ञांची भेटही घ्यावी, कारण नैराश्य असेल तर औषध लागू शकते आणि औषध देण्याचे काम समुपदेशकाचे नाही. तुमची मुलगी सज्ञान आहे, म्हणून २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तिची माहिती गोपनीय राहते आणि डॉक्टर ती तुम्हाला परस्पर सांगणार नाहीत. जिवाला धोका असेल तेव्हा तो टाळण्यापुरती माहिती देण्याची मुभा त्या कायद्यात आहे. याचा राग मानू नका. मी कुठे काय बोलते ते घरी जात नाही, या खात्रीवरच ती बोलणार आहे. ‘तुझी हरकत नसेल तर मी डॉक्टरांशी एकदा बोलू का?’ असे तिलाच विचारावे. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे तिची पॉलिसी काढून पाहा.

पोलिसांच्या भीतीने काही कुटुंबे रुग्णालयात जायला उशीर करतात किंवा तिथे खोटे कारण सांगतात. त्याने उपचार चुकतात. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच २०१७ चा कायदा गृहीत धरतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम राहिलेले नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते आणि जबाब होतो, तो नोंदीचा भाग आहे.

तुमच्यापैकी एकाने रजा काढून पुण्याला यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला उचलून मस्कतला नेण्यासाठी नव्हे, तर तिच्या फ्लॅटमध्ये राहून दोन वेळा स्वयंपाक करण्यासाठी आणि तज्ज्ञांच्या पहिल्या काही भेटींना बाहेरच्या बाकावर बसण्यासाठी. एखादा विषय राहिला, एटीकेटी लागली किंवा सत्र सोडावे लागले तर चालेल, हे तिला आधीच सांगून टाका. वैद्यकीय कारणाने हजेरीत सवलत मिळते का, याची चौकशी विभागप्रमुखांकडे तुम्ही करा, तिला करायला लावू नका. ती अचानक शांत, हसरी झाली म्हणून लगेच परतीचे तिकीट काढू नका. ठरवून टाकल्यावरही माणूस तसा शांत होतो, आणि संकटानंतरचे पहिले काही आठवडे अधिक जोखमीचे असतात. तुमच्या धाकट्या मुलाने तुम्हाला बहिणीचा तो संदेश दाखवला हे योग्यच केले, असे त्याला सांगा, पण यापुढे बहिणीवर नजर ठेवण्याचे काम त्याच्याकडे देऊ नका.

ज्या वाचकांची मुले उलट दिशेने, म्हणजे पुण्याहून बाहेर शिकायला गेली आहेत, त्यांनी मुलांच्या फोनमध्ये तिथले क्रमांक आजच भरून घ्यावेत: अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये सॅमॅरिटन्सचा ११६ १२३ आणि ऑस्ट्रेलियात लाइफलाइनचा १३ ११ १४. हे तिन्ही क्रमांक त्या त्या देशातून लावायचे आहेत.