चिवावाचं पिल्लू घरी आणतोय. रोज काय काळजी घ्यावी लागते?

तुमचं पिल्लू अडीच महिन्यांचं आहे, घर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आणि मुलगी सहा वर्षांची, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे याच जातीची कुत्री आहे, म्हणून रोजच्या अनुभवातलं सांगते.

सुरुवातीला सगळं लक्ष खाण्याकडे ठेवा. मूळची मेक्सिकोची ही जात पूर्ण वाढली तरी साधारण दीड ते तीन किलोचीच भरते. एवढ्याशा पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फारच कमी असतो. एक खाणं चुकलं, गारठा लागला किंवा खेळून दमलं, तरी रक्तातली साखर झपकन उतरू शकते. मग ते मलूल होतं, चालताना झोकांड्या खातं, झटकेही येऊ शकतात. अशा वेळी बोटावर मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी घेऊन हिरड्यांना चोळायचं, फडक्यात गुंडाळायचं आणि लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. सध्या दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. त्यातलं एक रात्री झोपायच्या आधी. सुरुवातीला तेच खाद्य द्या, जे आधीच्या घरी खात होतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक टोपली ठेवून आठवड्याला वजन करत जा. घटलेलं वजन नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

दुसरी मोठी भीती पडण्याची. बऱ्याच चिवावांच्या टाळूवर एक मऊ जागा असते, काहींची ती आयुष्यभर भरत नाही. पायांची हाडंही बारीक. म्हणून मुलीला पहिल्या दिवसापासून एकच नियम लावा: पिल्लू उभ्याने उचलायचं नाही, जमिनीवर बसून मांडीवर घ्यायचं. सोफ्याला लागून लहान पायरी ठेवा. आणि एक सवय घरातल्या सगळ्यांनाच लावा. ही कुत्री पांघरुणात शिरून झोपतात. आमची गोधडीच्या घडीत अशी सपाट पडते की वरून फुगवटासुद्धा दिसत नाही. बसण्याआधी हात फिरवून बघायचा, पाहुण्यांनाही सांगायचं.

फिरायला नेताना गळ्याला पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या. या जातीची श्वासनलिका नाजूक असते आणि ओढाताणीने कोरडा, घोगरा खोकला लागतो. चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार उड्या मारल्या आणि पुन्हा नीट चालू लागली, तर गुडघ्याची वाटी सरकत असू शकते. दुखत नाही म्हणून सोडू नका, दाखवून घ्या.

दातांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. एवढ्याशा जबड्यात दाटीवाटी असते, त्यामुळे किटण लवकर चढतं. बोटात घालायच्या ब्रशने रोज घासा, पण कुत्र्यांच्याच पेस्टने. सात महिन्यांनंतरही दुधाचे सुळे पडले नसतील तर काढावे लागतात.

डिसेंबर-जानेवारीत स्वेटर लागेल. अंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे, पण लगेच पूर्ण कोरडं करा. गोचिडांचं औषध वजनाप्रमाणेच घ्या, मोठ्या कुत्र्याची मात्रा अर्धी करून लावणं जिवावर बेतू शकतं. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अजिबात नको. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा-लसूणही नको. या वजनाला त्यातलं थोडंसंही जास्त होतं.

लशींचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. ते पूर्ण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत सोसायटीच्या आवारात जमिनीवर सोडू नका, पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोका असतो. पण त्या काळात घरातही कोंडून ठेवू नका. मोठ्या माणसाने छातीशी घट्ट धरून गॅलरीत, जिन्यात, गेटपर्यंत रोज न्यायचं. कुकरची शिट्टी, रिक्षा, अनोळखी माणसं हे सगळं याच वयात ओळखीचं झालं पाहिजे. नाहीतर पुढे भीतीपोटी ती दिसेल त्याच्यावर भुंकत आणि चावत राहते.