सुरुवातीला जुळतं, भैरवीला घसरतं

प्रश्न : मुलीच्या गाण्याचा 50 मिनिटांचा कार्यक्रम फोनवर चित्रित केला. फोनमधला आवाज फार घुमतो, म्हणून हार्मोनियमजवळच्या रेकॉर्डरचा आवाज व्हिडिओला लावला. सुरुवातीला ओठ आणि शब्द नीट जुळतात, पण भैरवी येईतो आवाज मागे पडतो. काय करावं? – एक वाचक, मिरज

उत्तर : नुसता ट्रॅक सरकवून हे सुटणार नाही, शेवट जुळवाल तर सुरुवात बिघडेल. आधी फरक मोजा. त्यासाठी फोनचा मूळ आवाज लागतो, तो इतक्यात काढून टाकू नका. सुरुवातीची तबल्याची एक ठसठशीत थाप शोधा. वेव्हफॉर्म (एडिटरमध्ये दिसणारा आवाजाचा आलेख) मोठा केला की ती भिंतीसारखी सरळ उभी राहते आणि मग उतरत जाते. दोन्ही ट्रॅकवरच्या या भिंती एका रेषेत आणा आणि पंचविसाव्या मिनिटाची व शेवटची थाप तपासा.

मध्यावर 6 फ्रेम (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र), शेवटी 12, असा फरक सारखा वाढत असेल तर तो घड्याळांचा फरक आहे. प्रत्येक यंत्र स्वतःच्या क्वार्ट्झ स्फटिकावर वेळ मोजतं आणि दोन क्वार्ट्झ कधीच तंतोतंत सारखे नसतात. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर 12 फ्रेम म्हणजे 0.4 सेकंद, 3000 सेकंदांत 0.4, म्हणजे 0.013 टक्के. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डरची पूर्ण फाइल निवडून 'चेंज स्पीड अँड पिच'मध्ये 0.013 भरा. आवाज पुढे पळत असता तर उणे भरावं लागलं असतं. सूर हलेल ही भीती नको: हार्मोनियमच्या लगतच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीतलं अंतरच सुमारे 6 टक्के असतं. 'चेंज टेम्पो' मात्र गाण्याला लावूच नका. सूर जपण्यासाठी तो आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा सांधतो, आणि तानपुऱ्याच्या अखंड नादात ते सांधे कानाला खुपतात.

फरक मध्येच उडी मारत असेल तर दोष बहुधा व्हिडिओचा. उजेड कमी झाला की अनेक फोन फ्रेम कमी घेतात आणि एडिटिंग सॉफ्टवेअरचा हिशेब चुकतो. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये सेकंदाला 30 फ्रेम आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून नवी फाइल करा, मगच जुळवायला बसा.

प्रश्न : थापा शेवटपर्यंत जुळतात, तरी आवाज ओठांच्या किंचित मागे वाटतो. फोन सभागृहात बराच मागे होता.

उत्तर : तेच कारण. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे दर 11-12 मीटरला एक फ्रेम उशीर. तुम्ही रेकॉर्डरचा आवाज फोनपर्यंत उशिरा पोहोचलेल्या आवाजाशी जुळवलात. फोन 23 मीटरवर असेल तर रेकॉर्डरचा ट्रॅक 2 फ्रेम अलीकडे घ्या. मग 'प', 'ब' किंवा 'म' असलेला शब्द गाठून फ्रेम-फ्रेम पुढे जा: 'प'चा स्फोट ओठ उघडतानाच ऐकू आला पाहिजे. एका फ्रेमची शंका उरली तर आवाज मागेच राहू द्या. चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आलेला आवाज जाणवू लागतो, मागे राहिलेला मात्र सुमारे 125 पर्यंत खपतो.