सरकारी वकील म्हणजे पोलीस का? वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे

सरकारी अभियोक्ता (म्हणजेच सरकारी वकील) आणि पोलीस यांच्या अधिकारांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले आहेत. पुढे तिला नुसते ‘संहिता’ म्हटले आहे.

कोर्टात सरकारी वकील आणि पोलीस एकाच बाजूला असतात, कागदही तेच. मग कायद्याने सरकारी वकील पोलिसांतच मोडतात का? (सांगली)

नाही, आणि ही फारकत कायद्याने जाणूनबुजून केली आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या काळात मॅजिस्ट्रेट कोर्टात खटला चालवायला अनेकदा पोलीस प्रॉसिक्युटरच उभा राहायचा. तपास करणारा आणि खटला चालवणारा एकाच साहेबाचे ऐकायचे. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात हे दोन विभाग वेगळे करायला सांगितले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सहायक सरकारी अभियोक्त्यांसाठी स्वतंत्र कलम २५ आले. तरीही आपल्याकडे हे अभियोक्ते बराच काळ पोलीस खात्याच्या छायेतच राहिले. शेवटी १९९५ मध्ये एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्याला बजावले, की त्यांचा संवर्ग पोलिसांपासून वेगळा करा आणि त्याचा प्रमुख थेट राज्य सरकारला जबाबदार ठेवा.

आज कलम १८ खाली सरकारी अभियोक्ता, १९ खाली सहायक सरकारी अभियोक्ता आणि २० खाली अभियोग संचालनालय अशी रचना आहे. संचालनालयावर प्रशासकीय नियंत्रण मात्र गृह विभागाचे, आणि पोलीसही त्याच विभागाखाली येतात. चुली वेगळ्या झाल्या, घर एकच राहिले. ही रचना आम्हाला पुरेशी वाटत नाही, पण कायदा आज असा आहे.

अधिकारांचे म्हणाल तर अटक, झडती, जप्ती, जबाब नोंदवणे यांपैकी काहीही सरकारी वकिलाच्या हातात नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर तो आरोपीला धरू शकतो, पण तेवढे कलम ४० खाली तुम्हीही करू शकता. धरलेल्या माणसाला सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचे.

एक फट जुन्या कायद्यातून पुढे आली आहे. सहायक अभियोक्ता उपलब्धच नसेल, तर जिल्हा दंडाधिकारी राज्य सरकारला १४ दिवसांची नोटीस देऊन एखाद्या खटल्यापुरती दुसरी व्यक्ती नेमू शकतात. ती व्यक्ती पोलीस अधिकारीही असू शकते. मात्र तो निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा आणि त्या गुन्ह्याच्या तपासात त्याचा हात लागलेला नसावा. यातली अट मोडली असेल, तर बचाव पक्षाने पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्यावी.

माझ्या फिर्यादीत एका माणसाला पोलिसांनी आरोपीच केले नाही. मी पेन ड्राइव्ह घेऊन सरकारी वकिलांकडे गेलो, तर त्यांनी हातही लावला नाही. त्यांचे बरोबर आहे का? (बारामती)

बरोबर आहे. पुरावा गोळा करणे हे तपासी अंमलदाराचे काम. सरकारी वकिलाने पेन ड्राइव्ह परस्पर स्वीकारला, तर तो कोणी, कधी, कुठून आणला यावर उलटतपासात पहिला घाव बसेल, आणि उद्या वकिलालाच साक्षीदार व्हायची पाळी येईल.

तुम्ही असे करा. तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्या, सोबत काय देत आहात त्याची यादी जोडा, पोच घ्या, आणि पेन ड्राइव्ह पंचनाम्याने जमा करायला सांगा. मूळ चित्रण ज्या मोबाइलमध्ये आहे तो पुसू नका, विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचे प्रमाणपत्र लागेल. त्याचे दोन भाग आहेत: ‘अ’ पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, ‘ब’ तज्ज्ञाने. ‘ब’ कोराच राहिला म्हणून अडचण आल्याचे वारंवार दिसते.

दोषारोपपत्र गेले असेल तर पुढील तपास कलम १९३(९) खाली होतो. खटला सुरू झाल्यावर त्यासाठी कोर्टाची परवानगी हवी आणि तो ९० दिवसांत संपवायचा; मुदतवाढही कोर्टच देते. सरकारी वकिलाचा खरा उपयोग इथून पुढे आहे. साक्षीत त्या माणसाचे नाव आले, तर त्याला आरोपी म्हणून बोलावण्याचा कलम ३५८ चा अर्ज आणि राहिलेला साक्षीदार बोलावण्याचा कलम ३४८ चा अर्ज तेच करू शकतात.

खासगी वकीलही देता येतो, पण कलम ३३८(२) प्रमाणे तो सरकारी वकिलाच्या सूचनेनुसारच काम करतो. पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने त्याला लेखी युक्तिवाद देता येतो. साक्षीदाराची स्वतंत्र उलटतपासणी किंवा तोंडी युक्तिवाद हा त्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात सांगितले. म्हणून साक्षीच्या तारखेआधी आठवडाभर सरकारी वकिलांना एक पानाचे टिपण द्या: साक्षीदार, दोषारोपपत्रातला पान क्रमांक, विचारायचा मुद्दा. दहा पानी निवेदन वाचायला कोणाला सवड नसते.

दोषारोपपत्र पाठवण्याआधी सरकारी वकिलांचा अभिप्राय घेणे बंधनकारक आहे का? मुदतवाढीच्या अहवालावर त्यांची सही पुरते का? (एक पोलीस उपनिरीक्षक)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोषारोपपत्र दाखल करायचे की नाही हा निर्णय तपास यंत्रणेचा. आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू या २००० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अभियोक्त्याच्या मताप्रमाणे दोषारोपपत्र द्या असा आदेश तपासी अधिकाऱ्याला देता येत नाही. तपासाचे क्षेत्र निराळे, अभियोगाचे निराळे. नव्या संहितेत कलम २०(८) ने उपसंचालकाला पोलीस अहवाल तपासायचे काम दिले आहे, पण त्याने तपासाचा लगाम तुमच्या हातून जात नाही. त्रुटी आधी कळल्या तर त्या दुरुस्त करा; आरोपी सुटण्यापेक्षा ते बरे.

मुदतवाढीत मात्र नुसती सही चालत नाही. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी) आणि यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक) या कायद्यांत तपास संपवून दोषारोपपत्र देण्याची ९० दिवसांची मुदत १८० पर्यंत वाढते ती *अभियोक्त्याच्या* अहवालावर. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९४ च्या टाडा (जुना दहशतवादविरोधी कायदा) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अभियोक्ता तपास यंत्रणेचा भाग नसून स्वतंत्र वैधानिक प्राधिकारी असल्याचे स्पष्ट केले. तपासी अधिकाऱ्याच्या अर्जाखाली ‘फॉरवर्डेड’ लिहून केलेली सही म्हणजे अहवाल नव्हे. अहवालात तपास कुठवर आला, काय बाकी आहे, आणि ९० दिवसांपलीकडे कोठडी नेमकी कशासाठी हवी, हे त्याने स्वतः पडताळून लिहायला हवे. कागद नव्वदाव्या दिवशी दुपारी त्यांच्या टेबलावर ठेवाल तर हे होणार नाही, आणि आरोपी डिफॉल्ट जामिनाला, म्हणजे तपासाची मुदत उलटल्यामुळे मिळणाऱ्या जामिनाला, पात्र ठरेल. चार-पाच दिवस आधी जा.

सरकारने ठरवले की खटला मागे. मग सरकारी वकिलाने ‘नाही’ म्हणायचे कसे? (नाशिक)

कागदावर तरी त्याला तो अधिकार आहे. कलम ३६० (जुने ३२१) खाली अर्ज अभियोक्त्याने करायचा असतो, सरकारने नव्हे, आणि त्याला कोर्टाची संमती लागते. सरकार सुचवू शकते. विचार त्याने स्वतः करायचा. नव्या संहितेत पीडिताला ऐकल्याशिवाय परवानगी देता येत नाही, ही मोठी सुधारणा आहे. आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला.

व्यवहारात सत्र न्यायालयातला अभियोक्ता मुदतीच्या नेमणुकीवर असेल, तर ‘नाही’ म्हणणे अवघड जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आरोपीने सरकारी वकिलांसमोर गुन्हा कबूल केला तर तो पुरावा होतो का? (एलएलबी विद्यार्थिनी, पुणे)

साक्ष्य अधिनियमाचे कलम २३(१) पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली बाद करते. २०२० च्या तोफान सिंग निकालाने अमली पदार्थ कायद्याखाली तपास करणारे अधिकारीही ‘पोलीस अधिकारी’ ठरले, कारण त्यांना तपासाचे अधिकार आहेत. सरकारी वकिलाला ते नाहीत, म्हणून तो या व्याख्येत बसत नाही. पण आरोपी पोलीस कोठडीत असेल तर कलम २३(२) आडवे येतेच. मॅजिस्ट्रेट समोर असल्याशिवाय ती कबुली चालत नाही. आणि कोठडी नसली तरी अशी कबुली ऐकणारा वकील साक्षीदार होतो, म्हणजे त्याला खटला सोडावा लागतो. शहाणा अभियोक्ता आरोपीशी त्याच्या वकिलाच्या गैरहजेरीत बोलतच नाही.

तुमचा उपप्रश्न, सरकारी वकील लोकसेवक आहे का? हो, पोलीस नसला तरी तो लोकसेवक आहे. लाच घेतली तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागतो. कामात असताना त्याच्यावर हल्ला केला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १३२. शिवाय तो वकीलही राहतो: २०१३ च्या दीपक अगरवाल निकालानुसार कोर्टात खटले चालवणारा अभियोक्ता जिल्हा न्यायाधीशपदासाठी वकील म्हणून पात्र आहे.

मुलगी अमेरिकेत प्रॉसिक्युटर आहे. एका अर्जात ‘लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर आहात का?’ असा रकाना आहे. काय लिहावे? (एडिसन, न्यू जर्सी)

तिथे याचे एकच उत्तर नाही. प्रत्येक कायद्याची व्याख्या वेगळी. फोन टॅपिंगच्या केंद्रीय कायद्यात ‘तपास किंवा कायदा अंमलबजावणी अधिकारी’ या व्याख्येत त्या गुन्ह्यांचे खटले चालवणारा वकील स्पष्टपणे धरला आहे. केंद्रीय फौजदारी प्रक्रियेच्या नियम ४१ मध्ये, झडतीच्या वॉरंटपुरता, सरकारी वकील तितक्याच स्पष्टपणे वगळला आहे. केंद्र सरकारविरुद्धच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात झडती, जप्ती किंवा अटकेचा अधिकार असलेलाच मोजतात. न्यू जर्सीच्या २०२० च्या डॅनियल्स लॉने तर न्यायाधीश, प्रॉसिक्युटर आणि पोलीस हे तीन गट वेगवेगळे लिहिले आहेत.

म्हणून अर्ज कोणत्या कायद्याखालचा आहे ते आधी पाहा. तळटीपेत कलम असते. त्यातली व्याख्या वाचा. तीत अटकेचा अधिकार ही अट असेल तर ‘नाही’ लिहा आणि पदनाम शेजारी द्या. प्रॉसिक्युटरच्या कार्यालयातल्या तपासनिसाला, म्हणजे डीए (डिस्ट्रिक्ट अॅटर्नी) इन्व्हेस्टिगेटरला, कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ‘पीस ऑफिसर’चा, म्हणजे पोलिसासारखा दर्जा असतो. त्याने भरलेला रकाना बघून तिने आपला भरू नये.