आनंदानं द्यायचं कसं?

प्रश्न : दर महिन्याला चर्चला दशांश (मिळकतीचा दहावा भाग) देते, पण आनंद वाटत नाही, ओढाताणच होते. काय करावं?
– एक वाचक, वडगाव शेरी, पुणे

उत्तर : ताई, महिनाअखेरीस उरलेल्यातून दिलं की हात आखडतोच. बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, मिळकतीप्रमाणे बाजूला काढायला सांगितलं (१ करिंथ १६:२). पगार ३०,००० असेल तर त्याच दिवशी ३,००० वेगळ्या पाकिटात ठेवा. कर्जाचे हप्ते असतील तर १,००० पासून सुरुवात करा. भाग पडतं म्हणून देऊ नये, हेही पौलच सांगतो (२ करिंथ ९:७), आणि आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. थोडी रक्कम मंडळीतल्या एखाद्या आजारी माणसाच्या औषधांसाठी गुपचूप द्या. गरज डोळ्यांनी पाहिली की देणं जड जात नाही. संस्थेला देणगी देऊन आयकरात ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी, देणगीवरची सवलत घ्यायची असेल, तर २,००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका. सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते.