गावच्या तरुण मंडळातली वर्षं वाया गेली असं वाटतं का? निरोपाच्या दिवशी काय बोलावं?

विचारणाऱ्याने खाली लिहिलंय की नऊ वर्षं मंडळात काढली, आता नोकरीसाठी बाहेर पडतोय आणि पुढच्या महिन्यात सत्यनारायणाला सगळ्यांसमोर ‘दोन शब्द’ बोलायचे आहेत.

बोलू नका. खजिनदार असाल तर वही वाचून दाखवा आणि खाली बसा. खजिनदार नसाल तर जी काही किल्ली तुमच्याकडं असेल ती सगळ्यांदेखत दुसऱ्याच्या हातात द्या आणि खाली बसा.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागलाय, तेव्हा वाचा.

मी आमच्या मंडळात २००८ ते २०१८ होतो, अकरावीपासून लग्नापर्यंत. त्यातली शेवटची सहा वर्षं खजिनदार. गाव माणदेशातलं. नाव लिहीत नाही, कारण मंडळातली निम्मी पोरं इथं वाचत असतात आणि उरलेल्या निम्म्यांना स्क्रीनशॉट पाठवत असतात. आमच्याकडं नियम होता की लग्न झालं किंवा तिशी लागली की बाहेर. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी सत्यनारायण, आणि बाहेर पडणाऱ्यांना टोपी, टॉवेल, नारळ. ‘याला नारळ दिला’ हा विनोद दरवर्षी कुणीतरी करायचं आणि दरवर्षी सगळे हसायचे. मग भाषणं. ‘मंडळानं मला घडवलं’, ‘मंडळ म्हणजे माझं दुसरं घर’. अशी निदान वीस भाषणं मी उभ्यानं ऐकली असतील, कारण सतरंज्या परत मोजून घ्यायचं काम माझ्याकडं असायचं. ज्याचा गळा सगळ्यात जास्त दाटून यायचा, त्याचा फोटो पुढच्या वर्षी फ्लेक्सवर ‘आधारस्तंभ’ म्हणून कोपऱ्यात हमखास. म्हणजे गेलाच नाही. मीटिंगला येणार, खुर्ची घेणार, वर्गणी किती हे ठरवणार, पण मांडवाचा बांबू धरायला नाही.

आमचे अध्यक्ष तसलेच. नात्यानं माझे चुलतभाऊ, म्हणून इथं नुसतं दादा म्हणतो. दादा तिशीत बाहेर पडले नाहीत, लग्नानंतरही नाहीत. नियम त्यांनीच केलेला.

आता २०१६. त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या मध्यात उठले आणि खर्च भागून बऱ्यापैकी पैसे उरले. तालमीवर नवे पत्रे घालायचे म्हणून ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात माझ्या घरी होते. बँकेत का नव्हते? मंडळाची नोंदणी नव्हती, म्हणून खातं नव्हतं. नोंदणी का नव्हती? दादा म्हणायचे, ‘आपला सगळा कारभार विश्वासावर हाय, कागदं कशाला नाचवायची.’

८ नोव्हेंबरच्या रात्री आठला टीव्हीवर नोटा बंद झाल्याचं ऐकलं आणि मी डबा जमिनीवर ओतला. पाचशेच्या ५३, हजाराच्या १५. एकूण ४१,५०० रुपये रद्दी. शंभराच्या नोटा आणि चिल्लर मिळून ३,२६० उरले. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या. संध्याकाळी मारुतीच्या पारावर मीटिंग घेतली. माझं म्हणणं सोपं होतं. आधार कार्ड दाखवून माणशी चार हजार बदलून मिळणार आहेत, तर अकरा पोरं उभी करू, दोन दिवसांत विषय संपेल. दादा म्हणाले, “मंडळाचा पैका अकरा खिशांत घालायचा? आन परत अकरा खिसं येतील ह्याची खात्री कोण देणार?” जिल्हा बँकेत त्यांचं खातं होतं, साहेब ओळखीचे होते. “गर्दी कमी होऊ दे. मंगळवारी जाऊ. घाई कशापायी?”

मी तेव्हा गप्प बसलो. या उत्तरातलं सगळ्यात चुकीचं काम हेच, बाकी पुढं येईलच.

मंगळवारी, १५ तारखेला, आम्ही दोघं बाजारच्या गावी गेलो. शटर अर्धं उघडं, दारावर हातानं लिहिलेला कागद: जुन्या नोटा घेतल्या जाणार नाहीत. जिल्हा मध्यवर्ती बँकांना आदल्याच दिवशी रिझर्व्ह बँकेनं मनाई केली होती. गावाकडच्या माणसाचं खातं जिथं असतं नेमकी तीच बँक बंद, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. दादांनी कागद वाचला, गाडीला किक मारली आणि म्हणाले, “आता तूच बघ.”

तर बघितलं. तालुक्याला राष्ट्रीयीकृत बँकेत आईचं जनधनचं खातं होतं. त्यात तोवर शंभर रुपयेसुद्धा नव्हते. १७ तारखेला पहाटे सहाला मी आणि आई रांगेत. भाकरी-ठेचा फडक्यात बांधून नेला होता. आई सारखी म्हणत होती, “गणपतीचा पैका माझ्या नावावर नको रं.” दुपारी दीडला खिडकी आली. कॅशियरनं गड्डी उचलून झटकली आणि काचेखालच्या पांढऱ्या कागदावर गुलाबी रेघ उमटली. गुलाल. विसर्जनाच्या दिवशी गोळा केलेल्या नोटा होत्या, घडीच्या आत अजून भरलेला. त्यानं मशीनला लावल्या तर मशीन अडकलं. मग त्यानं हातानं मोजल्या, बोटं तोंडाला न लावता स्पंजावर ओली करत, आणि सगळं झाल्यावर बोटांकडं बघून म्हणाला, “मोरया.” त्या अख्ख्या महिन्यात आमच्याशी नीट बोललेला तो एकटा माणूस. स्लिप घरी आणून मी शिताने वहीत चिकटवली. अजून आहे, त्या पानाला मुंग्या लागलेल्या आहेत.

इथवर सगळं नीट होतं. नोव्हेंबर संपता संपता नवा नियम आला की जनधन खात्यातून महिन्याला दहा हजारांवर काढता येणार नाहीत. झालं. मंडळाचे पैसे आईच्या नावावर चार महिने अडकले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. पत्रे लांबले. आणि होळीच्या दिवशी पारावर दादा सगळ्यांसमोर म्हणाले, “यंदा गणपती जनधनात बसलाय, उठायचं नावच घेत न्हाई!” काय हशा पिकला. दोन दिवसांत ते वाक्य गिरणीत पोचलं. आई दळण घेऊन आली, डबा खाली ठेवला आणि मला काही बोलली नाही. त्यानंतर वर्षभर दळणाला वडील जायचे.

दादांना मी कधी उलट बोललो नाही. चुलतभाऊ, शिवाय मोठे. पण विचारतो: अकरा खिशांवर विश्वास नव्हता, मग ‘विश्वासावर कारभार’ म्हणजे नेमका कुणाच्या विश्वासावर?

त्याच नोव्हेंबरात माझ्या मावशीच्या बचत गटाला काडीचाही त्रास झाला नाही. बारा बायका, महिन्याला शंभर रुपये, गटाच्या नावानं बँकेत खातं, सह्या ठरलेल्या, दर महिन्याला रजिस्टर सगळ्यांसमोर. मावशी चौथी शिकलेली. आमच्यात तीन पदवीधर होते आणि पैसे बिस्किटाच्या डब्यात! हे मी एकदा मीटिंगमध्ये बोललो तर एक जण म्हणाला, ‘मंडळाची तुलना बायकांशी करू नको.’ बायको हा किस्सा ऐकून म्हणते, तुमचं ते तरुण मंडळ, मग आम्ही तरुण नव्हतो का? दहा वर्षांत एकही मुलगी सभासद नव्हती, हे मला ती बोलेपर्यंत जाणवलंसुद्धा नव्हतं.

असो. वर्षं वाया गेली का? मंडळापायी माझा एमपीएससीचा एक फॉर्म राहिला हे खरं. तो भरला असता तर मी आज साहेब असतो, असं फक्त माझा मेहुणा म्हणतो. आज मी चाकणला एका कंपनीत स्टोअरला आहे. दिवसाचा स्टॉक जुळला नाही तर मला झोप येत नाही, ही खोड मंडळाची. आणि २०१७ चा उन्हाळा मी कुठल्याच नोकरीवर ओवाळून टाकणार नाही. वॉटर कपचे, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेचे, पंचेचाळीस दिवस, ८ एप्रिल ते २२ मे. पहाटे पाचला भोंगा, डोंगराला चुन्याच्या रेघा, समतल चरांचं खोदकाम. ज्या पोरांना मांडवात खिळा ठोकता येत नव्हता त्यांच्या हाताला घट्टे पडले. आईच्या खात्यातून निघालेल्या पैशांतले तीस हजार मशीनच्या डिझेलला दिले. दादांना पत्रेच हवे होते, पत्र्यावर नाव टाकता येतं. मतदान घेतलं, दादा हरले. आमच्या गावाला नंबरबिंबर काही आला नाही. जूनमध्ये पहिल्या पावसात चर भरले तेव्हा आम्ही चौदा जण छत्र्या न घेता वर गेलो होतो आणि अर्धा तास कुणी काही बोललं नव्हतं. भाषणात सांगायचं असलं तर असलं काही सांगा. पण खरं सांगू, तेही सांगू नका. जे होते त्यांना माहीत असतं आणि जे नव्हते ते मोबाइल बघत असतात.

नोंदणीचं तेवढं बघून घ्या. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं लागतात, काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. नुसत्या उत्सवापुरती वर्गणी गोळा करायची तरी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी काढायची असते, नंतर हिशोब द्यायचा असतो. अर्थात सगळीच मंडळं आमच्यासारखी नसतात, काहींचे अध्यक्ष सोन्यासारखे असतात. दादांनीही दुष्काळात स्वतःच्या विहिरीचं पाणी अख्ख्या वाडीला दिलं होतं, ते कुणी नाकारत नाही.

आता माझ्या निरोपाचं. २०१८, लग्न होऊन चार महिने झालेले. टोपी, टॉवेल, नारळ. मी वही उघडली आणि सहा वर्षांची जमा-खर्चाची पानं वाचायला लागलो. दुसऱ्याच वर्षाला दादा म्हणाले, “बास कर, प्रसाद गार व्हायलाय.” मी वाचत राहिलो. लोक उठायला लागले. शेवटी समोर एकटा नवा खजिनदार बसलेला, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचं पोरगं. वही त्याच्या हातात दिली. त्यानं २०१६-१७ ची पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “भाऊ, डिसेंबरात दहा, जानेवारीत आठ, फेब्रुवारीत बारा, मार्चमध्ये साडेअकरा. बेरीज बरोबर हाय. पण महिन्याला दहाच निघत होते ना? माझ्या आईचंबी जनधनच हाय. मार्चात मर्यादा उठली ते कळलं, मग फेब्रुवारीत बारा कसे?”

दीड वर्षात हे कुणी विचारलं नव्हतं. वही पैशापैशाला चोख आहे असं मी गावभर सांगत आलो होतो, या उत्तरातही तोच आव आणून लिहितोय. खरं असं की जानेवारीत दहाच काढले होते. त्याच आठवड्यात विहिरीवरची मोटर जळाली, कांदा पाण्याला आलेला, आणि रोख पैसा कुणाकडंच नव्हता. रिवायंडिंगवाला उधार द्यायला तयार नव्हता. दोन हजार त्याला दिले आणि आठ वहीत लिहिले. कांद्याची पट्टी आली तशी फेब्रुवारीत भरले. आईला माहीत होतं. गिरणीवरून आल्यावर ती गप्प का बसली, तर त्यासाठीही.

मी त्याला हे सगळं सांगितलं. पोरानं ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढली आणि त्या ओळीपुढं बारीक अक्षरात लिहिलं: ‘२००० – २७ दिवस.’ तारखा त्यानं वहीतूनच काढल्या. मग विचारलं, “खोडू का?” मी म्हटलं, राहू दे.

दादांनी ती वही अजून उघडलेली नाही. हे उत्तर मात्र ते वाचतील.